राज्याच्या धोरणावर प्रभाव कसा टाकायचा: कार्यकर्त्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्र सरकारकडे मागणी घेऊन जाणाऱ्या संस्था, संघटना आणि सुट्या कार्यकर्त्यांसाठी आहे. महापालिका आणि केंद्र सरकारचा उल्लेख गरजेपुरताच येतो. निवडणूक कशी लढवावी किंवा देणग्या कशा मिळवाव्यात, हे इथं सापडणार नाही.

धोरण बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं?

एक कागद. तो कोणता हे ठरेपर्यंत मोर्चाची तारीख ठरवू नये. सगळ्यात वर अधिनियम, म्हणजे विधिमंडळानं केलेला कायदा. त्याखाली त्या कायद्याचे नियम आणि अधिसूचना. हे दोन्ही राजपत्रात प्रसिद्ध होतात. मग शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. योजना, अनुदानाचे दर, पात्रतेच्या अटी, समित्यांची रचना हे बहुतेक सगळं जीआरमध्येच ठरतं. त्याहून खाली परिपत्रक, ज्यात असलेल्या नियमाची आठवण किंवा कामाची पद्धत असते. शुद्धिपत्रकाकडे, म्हणजे आधीच्या निर्णयातला मजकूर दुरुस्त करणाऱ्या कागदाकडे, कुणी फारसं पाहत नाही, पण त्यातल्या एका शब्दानं शेकडो कुटुंबं योजनेत येतात किंवा बाहेर पडतात.

संजय गांधी निराधार योजनेची रक्कम वाढवून हवी असेल तर नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय आणि त्यामागे अर्थसंकल्पातली तरतूद पुरते. ‘कायदा करा’ ही घोषणा भाषणात चांगली वाटते. पण जीआरच्या एका परिच्छेदानं सुटणारा प्रश्न कायद्याच्या रांगेत उभा केला की तो वर्षानुवर्षं तिथंच उभा राहतो.

मग कायदा मागायचाच नाही का?

तीन कारणांसाठी जरूर मागावा: एखाद्या कृतीला शिक्षा ठरवायची असेल, कोणाकडून सक्तीनं पैसा गोळा करायचा असेल, किंवा लाभाचं रूपांतर हक्कात करायचं असेल. रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर योजना म्हणून वाढली. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला ‘यंदा योजना बंद आहे’ असं सांगण्याची सोय त्यानं संपली.

वेळेचा अंदाज मात्र धरून चालावं. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी १९९० च्या दशकातली. २००५ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि विधान परिषदेत अडकलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात कायदा झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती लागल्यामुळे अंमल जुलै २०१७ मध्ये सुरू झाला.

याच विषयावर मुंबई राज्यानं १९४९ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला होता. म्हणून मसुदा लिहिणाऱ्या वकिलाला पहिला प्रश्न हा विचारावा: हे कलम न्यायालयात टिकेल का?

आमचा विषय कोणत्या खात्याचा, हे कसं कळणार?

जुना जीआर शोधून. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार मिळतात. तुमच्या विषयावरचा सर्वांत अलीकडचा जीआर काढा आणि डोक्यावरचा ‘वाचा’ हा भाग आधी पहा. तिथं त्या विषयावरच्या आधीच्या निर्णयांची क्रमांक-दिनांकासह यादी असते. ती मागे मागे वाचत गेलं की अट कधी घुसली आणि दर कधी थांबला, हे अर्ध्या दिवसात समजतं. शेवटी प्रतींची यादी आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद असतं. तोच तुमचा विभाग आणि बहुधा तेच कार्यासन, म्हणजे विषय हाताळणारं टेबल.

गफलत होते ती सारख्या दिसणाऱ्या विषयांत. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, पण वसतिगृह सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण किंवा आदिवासी विकास यांपैकी कोणाचंही असू शकतं. अंगणवाडी सेविका महिला व बालविकासकडे, आशा सेविका सार्वजनिक आरोग्यकडे. दोघींच्या मागण्यांचं एकच निवेदन दिलं की दोन्ही विभाग ते एकमेकांकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवतात.

निवेदन कसं लिहावं?

दोन पानं, एक विषय, एक मागणी. पंधरा मागण्यांच्या निवेदनातली सर्वांत सोपी मागणी मान्य होते आणि ‘बहुतांश मागण्यांवर सकारात्मक’ अशी बातमी येते.

मागणीचं वाक्य असं हवं की कक्ष अधिकाऱ्याला ते टिपणीत, म्हणजे फाईलवरच्या लेखी नोंदीत, जसंच्या तसं उतरवता यावं. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सोडवावा’ या वाक्यावर कोणतीही टिपणी तयार होत नाही. त्याऐवजी: ‘हंगामी वसतिगृहांबाबतच्या शासन निर्णयातील (क्रमांक व दिनांक लिहावा) अमुक परिच्छेदात वसतिगृह सुरू करण्याची तारीख एक महिना अलीकडे आणावी, कारण हंगाम लवकर सुरू झालेल्या वर्षी मुलं आधीच पालकांसोबत गाव सोडतात.’ पुढे खर्च. समजा तालुक्यात ४० वसतिगृहं, प्रत्येकी ५० मुलं, रोजचा खर्च ६० रुपये. तर वाढीव ३० दिवसांचे ३६ लाख होतात. हा हिशेब तुम्ही दिला नाही तर वित्त विभाग स्वतःचा करेल आणि तो नेहमी मोठा येतो.

जोडपत्रात जुन्या जीआरची प्रत आणि गावनिहाय तक्ता असावा. वर्तमानपत्रांची कात्रणं दोन पुरेत. निवेदन मंत्र्यांच्या हातात दिलं तरी दुसरी प्रत विभागाच्या आवक शाखेत द्यावी आणि पोच घ्यावी. पोचेवरच्या आवक क्रमांकाशिवाय पुढचा पाठपुरावा म्हणजे नुसत्या चकरा.

मंत्र्यांनी निवेदनावर शेरा मारला. काम झालं का?

शेरा वाचा. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ याचा अर्थ जवळपास काहीच नाही. नियम आडवा येतो म्हणून तर तुम्ही गेला होतात. ‘तपासून सादर करावे’ यानं निदान नस्ती, म्हणजे विषयाची फाईल, उघडते. ‘प्रस्ताव सादर करावा’ आणि त्यापुढे तारीख असेल तर उत्तम.

पुढचा प्रवास असा: कार्यासनातला कर्मचारी टिपणी लिहितो, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव, मग सचिव आणि मंत्री. पैसा लागत असेल तर नस्ती वित्त विभागाच्या अभिप्रायाला जाते, कायद्याचा प्रश्न असेल तर विधी व न्यायकडे, पदं निर्माण करायची असतील तर आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेचा, मुद्दा निघतो. मोठा विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचा तर या सगळ्यांचे अभिप्राय मंत्रिमंडळ टिपणीत लागतात. नस्ती बहुतेक वेळा नकारामुळे नाही, तर एखाद्या विभागानं विचारलेल्या शंकेला उत्तर न गेल्यामुळे थांबते. ती शंका कोणती, हे विचारा. पुष्कळदा एखाद्या जिल्ह्याची आकडेवारी नसते आणि ती तुमच्याकडे तयार असते.

दिरंगाईला तोंड द्यायला कायदाही आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमातलं कलम १० सांगतं की एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर निर्णय ४५ दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत व्हावा. पहिल्या भेटीत हे कलम फेकू नका. तिसऱ्या स्मरणपत्रात घाला.

एक व्यावहारिक गोष्ट: मंत्रालयात सामान्य अभ्यागतांना प्रवेश दुपारनंतर असतो, आणि मंत्रिमंडळाची बैठक असेल त्या दिवशी सचिव भेटणं अवघड. गडचिरोलीहून आलेल्या माणसानं आधी कार्यासनात फोन करून वेळ घ्यावी, नाहीतर एक दिवस चहाच्या टपरीवर जातो.

निधी नाही, असं उत्तर मिळतं. पुढे काय करायचं?

सगळ्यात जास्त मागण्या इथंच मरतात आणि सगळ्यात कमी तयारीही इथंच असते. आधी विचारा: या कामाला लेखाशीर्ष आहे का? लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातला तो खाते-क्रमांक, ज्याखाली खर्च दाखवता येतो. ते असेल तर वाद फक्त रकमेचा. नसेल तर ते उघडावं लागतं. त्यासाठी कधी कधी पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्यात मंजुरीला येणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्यांत) अगदी हजार रुपयांची लाक्षणिक मागणी ठेवतात. रक्कम हास्यास्पद दिसते, पण विभागाला पुढं पैसे वळवायला जागा तयार होते. अशी ओळ सापडली तर निराश न होता पेढे वाटायला हरकत नाही.

वेळापत्रक याहून महत्त्वाचं. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज दिवाळीच्या आगेमागे तयार होऊ लागतात आणि नवीन बाबींवर वित्त विभागाशी चर्चा हिवाळ्यात उरकते. फेब्रुवारीत मंत्र्यांना भेटून ‘यंदाच्या बजेटमध्ये घ्या’ म्हणणारं शिष्टमंडळ पुढच्या वर्षासाठी आलेलं असतं. सप्टेंबरमध्ये जा. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. तो दुसरा दरवाजा.

जिल्ह्यापुरतं काम असेल तर जिल्हा नियोजन समिती पहा. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. तिथं एक प्रयोग दोन वर्षं नीट चालला की राज्य पातळीवर मागायला आकडे हातात येतात.

पैशाचा मार्ग मागणीतच असला तर सर्वांत बरं. रोजगार हमीसाठी महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. १९६९ च्या माथाडी कायद्यात हमालाच्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाकडून मंडळात भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार भागवायचे, अशी रचना आहे. याउलट घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण मालकाकडून सक्तीनं येणारा असा पैशाचा झरा त्याला नव्हता. मंडळ कायम सरकारी अनुदानाच्या तोंडाकडे पाहत राहिलं.

आमदारांकडून नेमकं काय मागावं?

‘आवाज उठवा’ असं सांगू नका. कोणतं आयुध वापरायचं ते सांगा. माहिती काढायची असेल तर तारांकित प्रश्न, कारण त्याला लेखी उत्तर येतं आणि सभागृहात उपप्रश्नही विचारता येतात. मंत्र्यांकडून ताजं आश्वासन हवं असेल तर लक्षवेधी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते, परिषदेत नियम १०१ खाली. मिळालेलं उत्तर अपुरं असेल तर अर्धा तास चर्चा. धोरणाच्या व्यापक चर्चेला विधानसभेत नियम २९३. सभागृहात पटकन नोंद करायची असेल तर औचित्याचा मुद्दा, मात्र त्यावर उत्तर मिळेलच असं नाही.

प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशन जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. मसुदा तुम्हीच लिहून द्या. चार उपविभाग पुरतात: हे खरे आहे काय, असल्यास किती गावांत, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. एकच प्रश्न तीन पक्षांच्या आमदारांकडे दिला तर निवडला जाण्याची शक्यता वाढते आणि तो एका पक्षाचा प्रश्न राहत नाही. सत्ताधारी आमदारालाही द्या. तो सभागृहात बोलला नाही तरी मंत्र्यांच्या दालनात बोलतो, आणि तिथलं बोलणं जास्त पोचतं.

मंत्री सभागृहात ‘महिन्याभरात बैठक घेऊ’ म्हणाले की ते आश्वासन ठरतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा मागोवा घेऊ शकते. कामकाजाच्या नोंदीतलं नेमकं वाक्य काढून ठेवा.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं विधेयक, मंजूर होण्याची आशा धरू नका. ते मागणीला मसुद्याचं रूप देतं, एवढंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात १९३७ मध्ये मांडलं. ते मंजूर झालं नाही; खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला.

मोर्चा कधी काढावा?

कागद तयार असेल आणि वाट अडली असेल तेव्हा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च हे अलीकडचं मोठं उदाहरण. ६ मार्चला निघालेले हजारो शेतकरी, त्यांत मोठ्या संख्येनं आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचले. दहावीच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून शेवटच्या टप्प्यात ते सायनहून आझाद मैदानाकडे रात्रीच चालत गेले आणि शहराचं मन त्यांनी तिथंच जिंकलं. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं; वनहक्क दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं त्यात होतं.

तरी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं आणि २०२३ मध्येही. २०२३ ला मात्र मोर्चानं पवित्रा बदलला: विधिमंडळात निवेदन झाल्यावरही लोक ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला तळ ठोकून राहिले आणि अंमलबजावणीचे आदेश निघू लागल्यावरच परतले. मंत्र्यांचं आश्वासन आणि जिल्हाधिकाऱ्याला गेलेला आदेश यांत फार अंतर असतं. बोलणीला बसणाऱ्यांनी आश्वासनात मुदत, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि आढावा बैठकीची तारीख लिहून घेतल्याशिवाय मैदान सोडू नये.

हिवाळी अधिवेशनात नागपूरला एका दिवशी डझनावारी मोर्चे असतात. पोलीस ठरलेल्या ठिकाणी अडवतात, शिष्टमंडळ आत जातं, मंत्री दहा मिनिटं देतात. त्या दहा मिनिटांत बोलणारा एकच असावा.

आकडेवारी किती लागते? आम्ही संशोधक नाही.

नसलात तरी मोजता येतं. शंभर-दीडशे घरांचं साधं सर्वेक्षण, ठरलेली प्रश्नावली, गाव कसं निवडलं याची एक ओळ आणि सरकारच्या स्वतःच्या आकड्याशी तुलना, एवढ्यानं जिल्हा पातळीवर बैठक लागते. एक दक्षता घ्या: उदाहरणं निवडून घेतली असतील तर तसं लिहा. ‘सगळ्या गावांत’ म्हणून दिलेला आकडा एका गावात खोटा ठरला की अधिकारी बाकीचं वाचतच नाही.

राष्ट्रीय धोरण बदलायचं असेल तर कसोटी कडक होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला तो ३९ गावांत, आणि तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवली. आधी दोन वर्षं नुसती मोजणी. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि आशा सेविकांमार्फत देशभर घरभेटी देण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०११ मध्ये आली. तुलनेची गावं ठेवली नसती तर ‘मृत्यू सगळीकडेच कमी होत आहेत’ या एका वाक्यानं सगळं उडवून लावता आलं असतं. प्रयोग स्वीकारला गेला याचं आणखी एक कारण: काम करणारी बाई गावातलीच होती आणि एका बाळामागचा खर्च सरकारला झेपणारा होता. डॉक्टरांवर अवलंबून असलेला तसाच यशस्वी प्रयोग कागदावरच राहिला असता.

माहिती अधिकार कसा वापरावा?

भांडायला नव्हे, नस्ती वाचायला. अर्जासोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत दुसरं. ‘का’ असा प्रश्न विचारू नका. कारण सांगण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. ‘आवक क्रमांक अमुक या निवेदनावरील टिपणी, अभिप्राय व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. दुसऱ्या अपिलाला माहिती आयोगात फार वेळ जातो, म्हणून प्रतींपेक्षा नस्तीचं अवलोकन मागणं पुष्कळदा जलद. शेजारी बसून पानं उलटताना अडलेली शंका डोळ्यांना दिसते.

न्यायालयात जावं का?

कायदा आहे आणि सरकार तो पाळत नाही, अशा वेळी जनहित याचिका चांगली. धोरण काय असावं हे न्यायालयानं ठरवावं, अशी याचिका सहसा टिकत नाही. गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नात दोन्ही टप्पे दिसतात. चळवळीच्या रेट्यानं महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, पण अंमलबजावणी जवळजवळ शून्य. २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं २००१ पासून राज्यांकडून अहवाल मागवायला सुरुवात केली आणि २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

याचिका दाखल झाली की विभाग ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून बाकी सगळी चर्चा बंद करतो. म्हणून बोलणी संपल्यावरच तिकडे वळावं.

ग्रामसभेच्या ठरावाला काही किंमत असते का?

कायद्यानं अधिकार दिलेला असेल तिथं खूप, बाकी ठिकाणी नैतिक. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि ग्रामविकास विभागानं दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, इतर गावांनी अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. इतका वेग क्वचितच दिसतो. त्यासाठी तरतूद लागत नव्हती आणि कुणाचं आर्थिक हितही दुखावत नव्हतं. पण ते परिपत्रकच. प्रथा लादणाऱ्याला त्यानं शिक्षा होत नाही.

मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाची गोष्ट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू मात्र वन विभाग गौण वनोपज (गावाला गोळा करून विकता येणारं जंगलातलं उत्पादन) मानायला तयार नव्हता, वाहतूक परवाने देत नव्हता. गावानं आपली बाजू कायद्याच्या व्याख्येवरच उभी केली, कारण त्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. एप्रिल २०११ मध्ये परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आधीची अनेक वर्षं गावातला अभ्यासगट कायदे वाचत होता आणि निर्णय सर्वसहमतीनं होत होते, हे विसरून चालणार नाही.

दारूबंदीच्या ‘आडव्या बाटली’च्या मतदानात गावं वेगळ्याच ठिकाणी हरतात. २००८ च्या आदेशानुसार निम्मं बहुमत यादीतल्या एकूण मतदारांचं लागतं, मतदानाला आलेल्यांचं नव्हे. कामासाठी परगावी गेलेली आणि मयत नावं यादीत राहिली की ती दारू दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारखीच होतात. आधी मतदारयादी दुरुस्त करा, मग सह्या गोळा करा.

हरकती-सूचना कुणी वाचतं का?

नियमांचा मसुदा राजपत्रात आला आणि मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची (नियम पक्के होण्याआधी मसुदा प्रसिद्ध करण्याची) अट असेल तर हरकतींचा विचार करणं विभागाला बंधनकारक असतं. शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवलं तर ती एक हरकत म्हणून हाताळली जाण्याची शक्यता जास्त. तीन रकाने करा: मसुद्यातला नियम, सुचवलेला मजकूर, कारण. मुदत संपण्याच्या दिवशी ई-मेल आणि हातपोच दोन्ही.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर तिथंही संधी असते. विशेष जनसुरक्षा विधेयकावर समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. विधेयक जुलै २०२५ मध्ये मंजूर झालंच, पण मसुद्यात काही बदल होऊन. इतक्या सूचनांनंतर हाती एवढंच लागलं, असं वाटणाऱ्यांचं आम्हाला नवल वाटत नाही.

तडजोड किती करावी?

मागणीपत्र लिहितानाच आपसांत ठरवा: काय सोडता येईल आणि काय सोडलं तर कायदा पोकळ होईल. जादूटोणाविरोधी विधेयकाच्या मसुद्यात वारंवार बदल झाले, शीर्षकातून ‘अंधश्रद्धा’ हा शब्द गेला. वारकऱ्यांचे आक्षेप दूर करण्यासाठी वारी, कीर्तन, पूजाअर्चा यांना कायदा लागू नाही हे स्पष्ट केलं. अनुसूचीत नेमकी कृत्यं लिहिलेली राहिली आणि पोलिसांत दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद राहिली. आमच्या मते हा सौदा योग्य होता: शब्द गेला, पण पोलीस ठाण्यात दाखवता येईल असं कलम हाती आलं. उलटं झालं असतं तर घोषणा जिंकली असती आणि फिर्याद नोंदवता आली नसती.

असं काम केल्यानं संस्थेच्या नोंदणीला धोका असतो का?

धोरणाबद्दल बोलणं, निवेदन देणं, अभ्यास छापणं यानं विश्वस्त संस्था अडचणीत येत नाही. पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार वेगळा, तो टाळा. परदेशी निधी घेणाऱ्यांना जास्त जपावं लागतं, कारण नियमांत बंद, रास्ता रोको यांचा उल्लेख ‘राजकीय स्वरूपा’च्या संदर्भात आहे. राजकीय उद्दिष्ट नसताना लोकांच्या प्रश्नाला पाठिंबा देणाऱ्या संस्थेवर त्यासाठी कारवाई होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये म्हटलं. तरी आंदोलनाचा खर्च लोकवर्गणीतून करा आणि त्याची पावतीबुकं वेगळी ठेवा.

जीआर निघाला. आता?

प्रत घेऊन जिल्हा परिषदेत आणि तहसीलमध्ये जा. तिथं तो पोचलेला नसण्याची दाट शक्यता आहे. निधी बीडीएस, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीवर उतरला का ते पहा. पहिल्या तीन महिन्यांतले नाकारलेले अर्ज गोळा करा, कारण शुद्धिपत्रक मागायचा आधार तेच. राज्यात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख चालली तेव्हा गावपातळीवर सेवांची गुणपत्रकं भरली जात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचली जात. लाल शेऱ्याच्या तक्त्यापुढे उत्तर देणं अधिकाऱ्याला भाषणापेक्षा जड जातं.

सरकार बदललं तर मिळवलेलं जातं का?

जाऊ शकतं. चंद्रपूरची दारूबंदी पदयात्रा, ठराव, समिती अशा वाटेनं १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. उठवतानाही समितीच्या अहवालाचाच आधार घेतला. कार्यकारी आदेशानं दिलेलं तसंच काढून घेता येतं. कायदा, लेखाशीर्ष, नेमलेली पदं आणि लाभ घेणाऱ्यांची संघटना यांपैकी जितकं जास्त असेल तितकं काढणं महाग पडतं.

अशा कामाला किती माणसं लागतात?

चार पुरतात: जीआर आणि नस्ती वाचणारा, आकडे सांभाळणारी, जिल्ह्यात लोकांना बांधून ठेवणारा आणि बोलणी करणारी. एकाच माणसानं चारही करू नये. तो आजारी पडला की विषय बंद पडतो. मंत्रालयात पाठपुराव्याला जाणारी व्यक्ती मात्र शक्यतो तीच ठेवा. दर खेपेला नवा चेहरा गेला तर कक्ष अधिकाऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो.